पदवीला पैसे घालण्याआधी हिशेब कसा मांडायचा

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी पगारपत्रकं करते. कोणाच्या खात्यात किती जमा होतात ते दर महिन्याला माझ्याच हाताखालून जातं. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की वाड्यावरची माणसं विचारायला येतात, "बाय, पोराला बी.एस्सी.ला घालूं की आयटीआयला?" उत्तर पोरागणिक बदलतं, पण हिशेबाची रीत तीच.

आधी पद बघा, मग पदवी. ज्या जागेवर मुलाला जायचंय तिची अट जाहिरातीत वाचून काढा. औषधांचे कारखाने गोव्यात भरपूर, म्हणून त्यांचंच उदाहरण घेते. औषध ज्याच्या देखरेखीखाली बनतं तो माणूस कोण असावा, हे औषधांच्या नियमांतच लिहिलंय: फार्मसीचा पदवीधर असेल तर दीड वर्षाचा अनुभव, रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेला असेल तर तीन वर्षांचा. गोळीचा नुसता रंग बघून मशीनचं काय बिघडलंय ते सांगणारे ऑपरेटर असतात. पण वीस वर्षं काढली तरी देखरेख करणारा म्हणून कागदावर त्यांची सही चालत नाही. इथे पदवीचे पैसे वसूल होतात, कारण कायद्यानेच दार लावून घेतलंय.

उलट सरकारी खात्यातली एलडीसीची, म्हणजे कनिष्ठ कारकुनाची, जागा बघा. अट बारावी, कॉम्प्युटर, टायपिंग आणि कोंकणीचं ज्ञान. मराठी येत असेल तर बरं, एवढंच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल २, मूळ पगार १९,९०० पासून. एम.ए. झालेली मुलगी त्या खुर्चीत बसली म्हणून तिला १९,९०१ मिळत नाहीत. तरी अर्जांच्या गठ्ठ्यात पदवीधर किती असतात ते गोव्यात कोणाला सांगायला नको.

आता आकडेमोड. खाली घातलेले आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. बारावीनंतर मुलगा लगेच १४,००० वर लागला असता असं धरू. कॉलेजची तीन वर्षं म्हणजे ५,०४,००० रुपये हातचे गेले. फी, पुस्तकं, बसचा पास मिळून लाखभर. एकूण ६,०४,०००. जेवणखाण धरू नका, ते दोन्हीकडे सारखंच. पदवी घेऊन तो २०,००० वर लागला, पण तोवर बारावीवाला १७,००० वर पोचलेला असतो. फरक महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,०००. म्हणजे घातलेले पैसे भरून यायला पावणेसतरा वर्षं! फरक ८,००० चा असेल तर सव्वासहा वर्षांत हिशेब मिटतो. पुढे दोघांपैकी कोणाचा पगार किती वाढत जाईल तेही बघायला हवं. लोक फी तेवढी मोजतात, बुडालेला पगार मोजतच नाहीत, आणि खरा खर्च तोच असतो.

हा फरक काढताना पगार कुठला धरायचा, यात बहुतेकजण फसतात. "तीन लाखांचं पॅकेज" म्हणजे महिन्याला पंचवीस हजार हातात, असं नसतं. मूळ पगार १२,५०० असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,५००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे ६०१, बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,०४१. हे सगळं त्या पंचवीस हजारांतच धरलेलं असतं. राहिले २१,८५८. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,५०० कापला की हातात २०,३५८. पीएफ आपलाच असतो हे कबूल, पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, साधारणपणे पाच वर्षं टिकल्याशिवाय दिसत नाही. शिवाय पगार ठराविक मर्यादेच्या वर गेला तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, नसतो, दवाखान्याचं वेगळं बघावं लागतं. मुलाखतीत "ग्रॉस किती आणि हातात किती" असं सरळ विचारायला सांगा. नेमणूक कंपनीच्या नावाने की कंत्राटदाराच्या, हेही.

"शिकून काय उपयोग" म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून जॉर्ज साखारोपोलस आणि हॅरी पॅट्रिनोस यांनी २०१८ मध्ये काढलेला आकडा असा: शिक्षणाच्या दर जादा वर्षामागे कमाई सरासरी ९ टक्क्यांनी वाढते. पण सरासरीत नोकरी लागलेलेच मोजलेले असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारताविषयीच्या अहवालात २०२२ सालची तरुण पदवीधरांची बेकारी २९.१ टक्के आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची ३.४. त्यांना जास्त नोकऱ्या मिळतात असं नव्हे. त्यांना घरी बसून वाट बघणं परवडत नाही, मिळेल ते काम धरतात. तेव्हा तुमच्या हिशेबात वाट बघण्याचे महिनेही घाला. सरकारी जाहिरातीची वाट बघत वर्ष गेलं तर तेही खर्चाच्या बाजूला.

ज्यांना ठरवताच येत नाही त्यांना मी टप्प्याटप्प्याने जायला सांगते. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमावाल्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मध्ये अप्रेंटिसशिप केली तर विद्यावेतनही हातात पडतं. हात चालणारा, पण पुस्तकाला कंटाळलेला मुलगा असेल तर हाच रस्ता. एकदा पगार सुरू झाल्यावर पुन्हा शिकायला बसणारे कमी, हेही सांगून ठेवते.

बाहेरगावच्या महागड्या कॉलेजविषयी थोडं. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं, की सारख्याच ताकदीच्या मुलांपैकी नामांकित कॉलेजात गेलेल्यांची आणि साध्या कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई बरीचशी सारखीच निघाली. फायदा दिसला तो गरीब घरच्या मुलांना. म्हणजे शेजारच्याचा मुलगा पुण्यात शिकून लाखभर कमावतो, त्यात पुण्याचं किती आणि मुलाचं किती, ते वेगळं करून बघा.

कर्ज काढायचंच असेल तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी योजनेची चौकशी करा, बँकेत मागाहून जा. बिनव्याजी असलं तरी मुद्दल फेडायचंच आहे, आणि हप्ता हातात येणाऱ्या पगारातूनच जाणार. म्हणून त्या २०,३५८ मधून हप्ता आणि स्कूटरचं पेट्रोल वजा करून काय उरतं ते लिहा, आणि प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी मुलाला दाखवा.