टर्बो बदलण्याआधी नळ्या तपासाव्यात
घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढताना डिझेल गाडीची ओढ अचानक कमी झाली आणि स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बो हा पंखा इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा कोड दिसला, तरी टर्बोच निकामी झाला असे लगेच मानू नये. इंजिन थंड असताना टर्बोच्या नियंत्रणासाठी असलेल्या व्हॅक्यूमच्या (हवा ओढून घेण्याच्या) बारीक रबरी नळ्या, विशेषतः त्यांची टोके, वाकवून भेगा पाहाव्यात. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपच्या जोडावर ताजे तेलकट डाग असतील, तर हवा बहुधा तिथूनच गळते. मग हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने दांडा सरकवून टर्बोतली पाती फिरवणाऱ्या डबीला, व्हॅक्यूम द्यावा. व्हॅक्यूम टिकला नाही तर तिच्यातला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटल्याचा संशय घ्यावा. दांडा अडखळत सरकला तर आतल्या पात्यांवर काजळी साचलेली असू शकते. दांड्याची लांबी मात्र अंदाजाने कधीही बदलू नये, कारण बूस्ट प्रमाणाबाहेर वाढल्यास इंजिनालाच धोका असतो.