पाळकांनो, विसावा घेताना या चुका टाळा

दरवर्षी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, उलटला की आमच्या भागातला चर्चचा एखादा तरुण पाळक अंथरूण धरतो. कारणं तीच ती, म्हणून एकदाचं लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं एकट्याने ओढणं. नगर जिल्ह्यातले एक पाळक सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण शाळेतून, नुकतेच आलेले. मोटारसायकलवर तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळायचे. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस रोज संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा. त्यात उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सातही उद्गारांवर आपणच बोलणार, हा हट्ट. अहो, सात उद्गारांना सात वक्ते ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शिक्षिका बोलते, शेतकरी बोलतो, तरुण संघातला मुलगाही बोलतो. रविवारी पहाटे या पाळकांचा आवाज फुटेना, प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या द्राक्षारसाचा, प्याला हातात थरथरू लागला. मंडळीच्या वडिलांपैकी (एल्डरांपैकी) एकाने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. त्यांची प्रार्थना कमी पडली, असं काहीजण म्हणाले. मला विचाराल तर झोप कमी पडली होती. बायबलमधला मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा, तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, त्याला थांबवलं आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला लावले. निर्गम या पुस्तकाचा हा १८वा अध्याय नव्या पाळकाने पहिल्याच बैठकीत चर्चच्या कमिटीला वाचून दाखवावा.

पुढची चूक कमिटीची. "पाळकसाहेब, दमलात, शिबिराला जाऊन या," म्हणून त्याच पाळकांना धाडलं. तिथे पहाटे प्रार्थना, दिवसभर सत्रं, रात्री साक्षी, म्हणजे एकेकाचे देवाबद्दलचे अनुभव. परतले ते जास्तच थकून. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा निजला, तर पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराची वाट त्यानंतर. मीही थकलेल्या पाळकाला हेच सांगतो: आधी झोपा, पोटभर जेवा, शिबिराचं पुढच्या महिन्यात बघू.

रविवार विसाव्यात मोजू नका, तो तुमच्या कामाचा दिवस. सोमवार घ्या आणि फोन सेक्रेटरीकडे द्या. मयत सोडून काहीही मंगळवारपर्यंत थांबतं. दुपारच्या डुलकीवर भागवणाऱ्यांचं माझ्या पाहण्यात कधीच भागलेलं नाही.

पाळकाला खेळ शोभत नाही म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडावा. तिथे यरुशलेमेचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत. बॅडमिंटन खेळा, कॅरम खेळा, पण त्याचा लगेच तरुण संघाचा कार्यक्रम करू नका.

पाळकीणबाईंना मागे ठेवून रजेवर जाऊ नका. पाळकाच्या बंगल्याचं दार वाजत राहतं आणि ते त्यांनाच उघडावं लागतं.

रजेच्या तारखा कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घ्या, त्या रविवारी उपदेश कोण करणार त्याच्या नावासकट.