वंशवृक्ष ओटीवर बसून काढा

ऑटिझमच्या जनुकांवरच्या कामासाठी मी मालवणजवळच्या एका वाडीत पहिल्यांदा गेले, तेव्हा बर्फाची पेटी होती, जांभळ्या टोपणाच्या नळ्या होत्या, फक्त मुलाचे वडील घरी नव्हते. ते मुंबईला. आई, वडील आणि मूल, तिघांचं रक्त मिळाल्याशिवाय मुलाच्या जनुकातला बदल वारशाने आलाय की नव्याने घडलाय, ते कळत नाही. म्हणून नव्याने येणाऱ्यांना पहिलं सांगणं: गणपतीत चाकरमानी गावी येतात, तेव्हाच्या तारखा धरा. मात्र रक्त विसर्जन झाल्यावरच मागा.

वंशवृक्षाला घाई करू नका. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ऑटिझम असेल त्याचा आकार भरायचा, एवढं पुस्तकात असतं. ‘घरात आणखी कुणाला ऑटिझम आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. मी आजींना विचारलं, उशिरा बोलायला लागलेलं कोण होतं? अडकित्ता थांबला. “माझो धाकटो दीर कधी बोलाकच नाय गो बाय. पण गुरां तेचाच आयकत.” असा चौकोन लगेच भरू नका. निदान झालेलं नाही, तर शेजारी प्रश्नचिन्ह घाला आणि आजींचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

याच वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘आमच्यात असलं नव्हतं, हिच्या माहेरचं आहे.’ तिथे गप्प बसू नका. १९७७ साली फोलस्टाइन आणि रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासापासून आनुवंशिकतेचा वाटा दिसत आलाय, पण तो एकट्या आईकडून येत नाही. प्रत्येक बाळात काही डझन बदल अगदी नवे असतात, त्यातले बरेचसे वडिलांच्या बाजूचे, आणि बहुतेक निरुपद्रवी. शँक३ किंवा सीएचडी८ या जनुकांत असा एखादा बदल झाला तर ऑटिझम होऊ शकतो. त्यात कुणाचाच दोष नसतो. हे सासूबाईंसमोरच सांगा. त्या माऊलीने ते किती वर्षं ऐकून घेतलेलं असतं!

संमतीपत्र मराठीत वाचून दाखवताना हेही सांगा की बऱ्याच घरांत एकही ठोस जनुक सापडत नाही. मी ते एका आईला नीट सांगितलं नव्हतं. ती वर्षभर रिपोर्टची वाट बघत राहिली, आणि तिचा फोन आला तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आणि मुलालाही विचारा. त्या वाडीतल्या मुलाने आधी सगळ्या नळ्या क्रमाने लावल्या. मी थांबले. मग त्याने आपणहून हात पुढे केला.