पॅच एस३९०एक्सचा आहे आणि मशीन आपल्याकडे नाही, मग रिव्ह्यू कसा करायचा

ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळताना कधीतरी एस३९०एक्स (आयबीएमचे मेनफ्रेम), रिस्क-फाइव्ह नाहीतर ३२ बिट आर्म अशा वेगळ्या प्रोसेसरसाठी कोणीतरी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवतं आणि आपल्याकडे असतो फक्त एक्स८६चा (इंटेल किंवा एएमडीचा) लॅपटॉप. मग एकतर पॅच महिनोन्‌महिने पडून राहतो किंवा "त्याने टेस्ट केलंच असेल" म्हणून सरळ मर्ज होतो (मूळ कोडमधे जातो). दोन्ही करू नका, कारण मशीन नसताना पण बरंच काही तपासता येतं.

आधी नुसता डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) वाचा. त्यात जागोजागी प्लॅटफॉर्मचं नाव घालून इफडेफ (ठरावीक मशीनवरच कंपाइल होणारे तुकडे) टाकले असतील तर थांबा, बहुतेक वेळा मूळ बग आपल्याच कोडमधे असतो. समजा फाइलच्या हेडरमधला ४ बाइटचा लिटल-एंडियन (सगळ्यात लहान बाइट आधी) आकडा आपण पॉइंटर कास्ट करून थेट वाचतोय, एक्स८६वर १ चा १ च मिळतो पण एस३९०एक्स बिग-एंडियन (सगळ्यात मोठा बाइट आधी) आहे त्यामुळे तिथे तोच १ वाचला जातो १,६७,७७,२१६ असा. पॅचमधे "एस३९०एक्स असेल तर बाइट उलटे कर" असं असेल तर त्या मशीनपुरतं चालेल, पण एकेक बाइट वाचून शिफ्ट करून आकडा बनवला तर सगळीकडेच चालतं, शिवाय अलाइनमेंटचा प्रश्न पण सुटतो (४ बाइटचा आकडा ४ने भाग जाणाऱ्या अ‍ॅड्रेसवर नसला तर स्पार्क प्रोसेसरवर असं थेट वाचताना सिगबस एरर येऊन प्रोग्राम मरतो). हे सांगताना बदललेल्या चार ओळी रिव्ह्यूमधेच लिहून द्या. समोरच्याने आपण कधी न बघितलेल्या मशीनवर बसून बग शोधलाय, त्याला नुसतं "नीट कर" म्हणून परत पाठवू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे सीमधला कॅर (char) टाइप. एक्स८६वर तो साइन्ड (त्यात ऋण आकडे पण बसतात), पण लिनक्सवर आर्म, पॉवरपीसी, एस३९०एक्स या सगळ्यांवर अनसाइन्ड, म्हणून गेटकॅरचं उत्तर कॅरमधे ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, जी ऋण असते) तुलना केली की तिथे लूप संपतच नाही. याला वेगळं मशीन पण लागत नाही, जीसीसीमधे कॅर अनसाइन्ड करायचा फ्लॅग आहे, तो लावून आपल्याच लॅपटॉपवर टेस्ट चालवा. लाँग डबलची (मोठ्या दशांश आकड्यांच्या टाइपची) साइज पण वेगवेगळी असते, त्यामुळे शेवटचा अंकसुद्धा जुळायला हवा असं धरून लिहिलेल्या टेस्ट बघून घ्या.

आता चालवून बघायचं. क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) याचा यूजर मोड आणि बिनएफएमटी-मिस्क (परके प्रोग्राम आपोआप क्यूईएमयूकडे देणारी लिनक्सची सोय) सेट केलं की परक्या आर्किटेक्चरचा डॉकर कंटेनर आपल्याच मशीनवर उठतो आणि आत नेहमीसारखं बिल्ड, टेस्ट करता येतं. पण आधी पॅच न लावता टेस्ट चालवा! पॅच ज्यासाठी आलाय ती टेस्ट खरंच फेल होते का, आणि बाकी कुठल्या आधीपासूनच फेल आहेत, हे लिहून ठेवा. मग पॅच लावून परत चालवा आणि शेवटी एक्स८६वर पण एकदा चालवा. हे सगळं खूप स्लो चालतं, त्यामुळे टाइमआउटने पडलेली टेस्ट म्हणजे लगेच बग समजू नका.

क्यूईएमयूवर पास झालं म्हणजे सगळं झालं असंही नाही. आर्म आणि पॉवरचं मेमरी ऑर्डरिंग (मेमरीतले वाचन-लेखन कोणत्या क्रमाने दिसतं ते) ढिलं असतं, एक्स८६चं बरंच कडक, त्यामुळे थ्रेडच्या कोडमधे बॅरियर (हा क्रम पक्का करणारी सूचना) राहून गेला असेल तर एक्स८६वरच्या इम्युलेशनमधे तो बग दिसतच नाही बऱ्याचदा. पेज साइजचं (मेमरीच्या एका तुकड्याच्या मापाचं) पण तसंच, आपल्याकडे ४ केबी असते पण आर्म६४ आणि पॉवरवर ६४ केबी पेजवाले कर्नल चालतात, आणि कोडमधे कोणी ४०९६ आकडा ठोकून ठेवला असेल तर एमएमॅप (फाइल मेमरीत जोडणारा कॉल) तिथे जाऊन फेल होतं. म्हणून थ्रेड, अ‍ॅटॉमिक किंवा एमएमॅपला हात लावणारा पॅच असेल तर खरं हार्डवेअरच हवं. जीसीसी कंपाइल फार्म फ्री सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना अशा बऱ्याच मशीनवर फुकट अकाउंट देतं, तिथे अर्ज करा. ते जमेपर्यंत पॅच पाठवणाऱ्याकडून त्याच्या मशीनवरचा पूर्ण टेस्ट लॉग मागा, "पास झालं" एवढ्यावर भागवू नका.

नवीन पोर्टच (नव्या प्रोसेसरसाठी पूर्ण सपोर्ट) येत असेल तर मर्जच्या आधी मोकळेपणाने विचारा की पुढे सीआय (आपोआप चालणारं बिल्ड आणि टेस्ट) तुटलं तर बघणार कोण. लिनक्सने ६.७ मधे इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरचा सपोर्ट काढला तेव्हा तो सांभाळायला मेंटेनर उरला नव्हता.

मर्ज करताना कमिट मेसेजमधे कशावर टेस्ट केलं ते लिहा, म्हणजे खरं मशीन की क्यूईएमयू, कंपायलर आणि कर्नलचं व्हर्जन आणि पेज साइज.