जुन्या गाडीच्या बाजूच्या आरशाचे फुटलेले कव्हर घरी कसे बदलावे

अरुंद गल्लीत उभ्या केलेल्या गाडीला टेम्पो घासून गेला, तर बहुतेक वेळा पहिला फटका बाजूच्या आरशाला बसतो. दहा-पंधरा वर्षे ऊन खाल्लेले प्लास्टिक ठिसूळ झालेले असल्याने पुष्कळदा काच शाबूत राहते आणि तिच्याभोवतीचे कव्हर फुटते. असे कव्हर चिकटपट्टीने बांधून महिनोन्‌महिने गाडी चालवणारे अनेक जण दिसतात. मला हे धोक्याचे वाटते, कारण कव्हर सैल असले की वेगात काच थरथरते आणि थरथरणाऱ्या काचेत मागून येणारी दुचाकी नेमकी किती जवळ आहे, हे कळत नाही.

नेमके काय तुटले आहे, ते सुटे भाग विकत घेण्यापूर्वी पाहावे. आरसा हाताने हळूच हलवल्यावर दाराला टेकलेला बुडखाही हलत असेल, किंवा आरसा दुमडण्याच्या जागी तडा गेला असेल, तर केवळ वरचे कव्हर बदलून काहीही साधत नाही. जुनी ऑल्टो किंवा वॅगन आर यांसारख्या गाड्यांच्या, आतल्या दांडीने हलणाऱ्या साध्या आरशाबाबत माझे मत स्पष्ट आहे: काचेसह पूर्ण आरसाच घ्यावा. विजेवर हलणारा आरसा महाग असतो. त्याचे वरचे कव्हर सुटे मिळत असेल आणि आतला सांगाडा धड असेल, तर तेवढेच बदलणे शहाणपणाचे आहे.

खरेदी करताना गाडीचे मॉडेल, वर्ष, डावी की उजवी बाजू आणि आरसा दांडीचा की मोटरचा, हे सर्व सांगावे. मोटरचा असल्यास कनेक्टरमधील पिनांची संख्या जुन्याशी ताडून पाहावी. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेला आरसा मिळू शकतो. मात्र तो घेताना बोल्टचे आटे आणि बुडख्याच्या कडा बारकाईने तपासाव्यात. काच मूळ काचेइतकीच बाहेरून फुगीर आहे ना, हेही पाहावे, कारण सपाट काच बसवली तर शेजारच्या लेनचा बराच भाग दिसेनासा होतो.

पूर्ण आरसा बदलण्यासाठी गाडी बंद करून किल्ली काढून घ्यावी. दाराच्या आतल्या बाजूला, खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात काळे त्रिकोणी झाकण असते. दांडीवर रबरी टोपी असल्यास ती आधी ओढून काढावी आणि मग कापड गुंडाळलेल्या चपट्या पेचकसाने झाकणाची कड थोडी थोडी उचलावी. इथे घाई केली तर आतल्या क्लिपा तुटतात आणि पुढे ते झाकण कायम खडखडत राहते. थंडीतल्या पहाटे प्लास्टिक अधिक कडक असते, म्हणून हे काम दुपारी केलेले बरे. झाकणामागे साधारणतः तीन स्क्रू किंवा बोल्ट असतात. ते काढण्यापूर्वी दारातल्या भोकात एक फडके कोंबून ठेवावे, कारण एकदा का बोल्ट दारात पडला, की पूर्ण डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, उघडावे लागते. खालचे बोल्ट आधी काढावेत. वरचा शेवटी काढताना बाहेरून कोणीतरी आरसा धरून ठेवावा, नाहीतर तो वायरवर लोंबकळतो.

नवा आरसा बसवताना बुडख्याखालचे रबर सपाट बसले आहे याची खात्री करावी. ते मुडपले तर वाऱ्याची शिट्टी वाजते आणि पावसाळ्यात पाणी आत झिरपते. तिन्ही बोल्ट आधी हाताने लावून मग आळीपाळीने आवळावेत, पण जोर लावू नये.

केवळ कव्हर बदलायचे असल्यास बहुतेक आरशांत आधी काच काढावी लागते. जाड हातमोजे घालून काच एका बाजूने आत दाबावी, दुसऱ्या बाजूच्या फटीत बोटे घालून सरळ बाहेर ओढावी आणि मागे गरम होणाऱ्या काचेच्या वायरी असतील तर त्या सोडवाव्यात. आतले स्क्रू काढून लॉक दाबले की कव्हर सुटते. नवे कव्हर रंगवायचे असेल, तर ते बसवण्यापूर्वीच बारीक वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या घासकागदाने) घासून त्यावर प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि मग रंगाचे पातळ थर द्यावेत. काच परत बसवताना तळहाताने मध्यावर दाबावे. कडेवर दाबल्यास ती तडकते.

शेवटी चालकाच्या जागी नेहमीप्रमाणे बसून आरसा असा लावावा, की क्षितिज काचेच्या मध्यावर येईल आणि आपल्या गाडीची केवळ बारीकशी कड दिसेल. मग मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन पाहावे. प्रतिमा थरथरत असेल, तर गाडी बाजूला थांबवून बोल्ट पुन्हा तपासावेत.