चाळिशीत बी.ए. करताय? मी केलेल्या या चुका टाळा

लग्न झालं तेव्हा बारावीचा निकाल लागून महिनाच झाला होता. एकोणीस वर्षांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मला ते कळायला मुलगी दहावीत जावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या सोयरिकीचे दिवस आले, अन् तू कायले पुस्तकं काढून बसली वं?" त्यांना समजावणं सोपं गेलं. कागदपत्रांनी जास्त छळलं.

बारावीची मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. फॉर्म भरताना मी बिनधास्त आधारवरचं नाव टाकलं आणि प्रवेश अडकला. लग्न झालेल्या बहुतेक बायांची गाडी इथेच रुतते. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी अभ्यासकेंद्रात जाऊन नाव कोणतं लावायचं, पुरावा कोणता चालतो ते विचारून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून मिळतो. नोंदणीच केली नसेल तर आधी ती करा, आणि साक्षीदार म्हणून लग्नाला हजर असलेली माणसं शोधा. आमच्या लग्नातला एक साक्षीदार पंढरपूरला गेला होता, तो परत येईपर्यंत पंधरा दिवस गेले. कुठेकुठे राजपत्रात नावबदल छापून आणायला सांगतात, त्याला आणखी वेळ लागतो. ठरलेलं नाव एकाच स्पेलिंगने सगळीकडे लिहा.

दुसरी चूक त्याच दिवसाची. तालुक्याच्या नेट कॅफेत फॉर्म भरला, तर ओटीपीची कटकट नको म्हणून तिथल्या पोराने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून दिला. मला वाटलं, बरं झालं. परीक्षेचा निरोप त्याच्या मोबाईलवर गेला, आणि तोवर तो पुण्याला कंपनीत लागला होता. नंबर आपलाच द्या, पासवर्ड वहीत लिहा, आणि ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी घरात कोणी हरवत नाही.

आता वेळापत्रक. पहिल्या वर्षी मी भिंतीवर कागद चिकटवला होता: पहाटे चार ते सहा अभ्यास, रोज. जुलैत निंदणाला मजूर मिळेनात, तेव्हाच तो कागद निकामी झाला. शेतकऱ्याच्या घरात रोज सारखा वेळ मिळतच नाही. पेरणीचा जून आणि सोयाबीन काढायचा ऑक्टोबर, हे दिवस अभ्यासातून सरळ वजा करा. मग अपराधीही वाटत नाही. मी पोळ्यानंतरचे दिवस धरते. तेव्हा निंदण-डवरणीचा जोर ओसरलेला असतो आणि सोयाबीन कापायला वेळ असतो.

कापूस वेचायच्या दिवसांत संध्याकाळी लिहायला बसू नका. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, पेन धरवत नाही. त्या काळात मी उत्तरं मोठ्याने वाचून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करते आणि वेचताना कानाला लावते. शेजारच्या ओळीतली बाई विचारते, कोणाचं कीर्तन आहे? मी सांगते, माझंच.

लिहिण्याची सवय मात्र सोडू नका. एकोणीस वर्षांत मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिल्या पेपरला दीड तासात मनगट आखडलं, शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. आता रिकाम्या दिवसांत रोज घड्याळ लावून दोन पानं लिहिते. अक्षर बारीक दिसायला लागलं असेल तर डोळे तपासून घ्या. मी वर्षभर पुस्तकाची छपाई वाईट म्हणत होते, निघाली चाळिशी!

घरच्यांना "जरा मदत करा" म्हणणं ही आणखी एक चूक. त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. "रविवारी मी अभ्यासकेंद्रात जाते, सकाळच्या भाकरी आणि गोठा तुमच्याकडे" असं म्हटलं तर आमच्या ह्यांनाही कळलं. भाकरी नकाशासारख्या होतात, पण होतात. उन्हाळी परीक्षा आणि कुरड्या-शेवयांचा घोळ नेमका एकत्र येतो, त्यामुळे कुरड्या मी एप्रिलच्या सुरुवातीलाच उरकते. मे महिन्यात टिनाच्या घरात दुपारी वाचायचा हट्ट धरू नका. पारा पंचेचाळीसला असताना डोक्यात काही शिरत नाही. सकाळी पाच ते आठ वाचा, दुपारी झोपा.

सगळ्यात महागात पडलेली चूक खंजिरीची. गावच्या महिला भजनी मंडळात मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणते, खंजिरी वाजवते. अभ्यास सुरू झाल्यावर घरातलं काहीच कमी करता येईना, म्हणून आधी भजन सोडलं. आठवड्याचे दोन तास वाचले असं वाटलं. ते तास पुस्तकाकडे गेलेच नाहीत, मोबाईलवर रेसिपी पाहण्यात गेले, आणि चिडचिड वाढली ती वेगळीच. चार महिन्यांनी परत गेले. आता फक्त परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी घेते, तीही मंडळाला आधी सांगून. एका सुट्टीत माझ्या जागी मुलगी बसली. ती खंजिरी आता मला परत मिळेल असं दिसत नाही.

राहिली एसटी. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण गाडी यायला हवी ना! लग्नसराईत गाड्या वऱ्हाडाला जातात, आणि परीक्षा नेमकी तेव्हाच. एकदा मुक्कामाची गाडीच आली नाही, मी दुधाच्या टेम्पोत बसून वीस मिनिटं उशिरा पोचले. आता पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळीच तालुक्याला नणंदेकडे जाते. जाताना तिच्यासाठी कुरड्यांचा डबा नेते.