खारीला झटके येत असतील तर या चुका टाळा

विजापूर रोड असो की जुळे सोलापूर, जिथे कडुलिंब आणि चिंचेची झाडं आहेत तिथे खारी आहेतच. मांजराच्या तोंडून सुटलेली, विजेच्या तारेवरून पडलेली, फांद्या छाटताना खाली आलेली किंवा उन्हाने भोवळून अंगणात पडलेली खार कुणाला ना कुणाला सापडते. त्यातला सगळ्यात अवघड फोन म्हणजे, "तिला फिट येतेय, काय करू?" कारण तोवर मायेपोटी घरात बरंच काही करून झालेलं असतं. चमच्याने पाणी पाजलेलं असतं, अंगावर गार पाणी ओतलेलं असतं, लहान मुलांच्या तापाचं औषध दोन थेंब दिलेलं असतं. वाचू शकली असती अशी खार या धावपळीतच हातची जाते, आणि ते बघवत नाही. म्हणून झटके येत असताना काय करू नये हे आधी नीट समजून घ्या.

तोंडात काहीही घालू नका

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. खरा झटका जवळून पाहिला की कळतं: मान मागे ताणली जाते, पाठीची कमान होते, पुढचे पाय हवेत वल्हवल्यासारखे चालतात, जबडा आवळतो, ओठांच्या कडेला लाळ येते. डोळे उघडे असले तरी तिला दिसत काही नसतं. या अवस्थेत तिला गिळता येत नाही. ड्रॉपरने सोडलेलं पाणी किंवा दूध सरळ श्वासनलिकेत जातं. पूर्ण वाढलेली खार जेमतेम 100 ग्रॅमची. एवढ्याशा जिवाच्या फुफ्फुसात दोन-चार थेंब गेले तरी पुरतात. झटका थांबून ती शुद्धीवर आली, मान सावरून बसली आणि स्वतःहून चाटू लागली, की मगच पाण्याचा विचार करा. तेही थेंबाथेंबाने, ओठाच्या कडेला लावून.

विष खाल्लं असेल म्हणून मिठाचं पाणी पाजणारेही भेटतात. खार हा कुरतडणारा प्राणी आहे, उंदरासारखाच. या प्राण्यांना उलटी होतच नाही. मिठाच्या पाण्याने विष बाहेर येत नाही, वर मीठ अंगी लागून झटके वाढतात.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, पायाशी किल्ल्यांचा जुडगा ठेवणं यातलं काहीही करू नका. झटका आपल्या वेळेने थांबतो, श्रेय कांद्याला मिळतं आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जायला उशीर होतो.

हातात घट्ट धरून झटका "दाबायचा" प्रयत्नही नको. तिच्या बरगड्या फार नाजूक असतात, आणि शुद्ध हरपलेली खार कडकडून चावते. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. खारीसारख्या लहान प्राण्यांकडून रेबीज होणं अत्यंत दुर्मीळ आहे, पण धनुर्वाताचं इंजेक्शन आणि बाकीचा निर्णय डॉक्टरवर सोडा.

टॉवेल नको, जुनं धोतर घ्या

सोलापूरकराच्या घरी हाताशी पहिला टॉवेल येतो. पण आपल्या टर्किश टॉवेलच्या उभ्या धाग्यांच्या फाशात खारीची नखं अडकतात. झटक्यात पाय ओढला गेला की नख मुळासकट निघतं, कधी बोटही मुरगळतं. जुनं धोतर, विरलेली सुती साडी किंवा बनियन चांगलं. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूला भोकं पाडा, तळाला आणि चारी कडांना कापड लावा, म्हणजे झटक्यात डोकं आपटणार नाही. लोखंडी जाळीचा पिंजरा या वेळी नकोच. जाळीत दात आणि नखं तुटतात.

खोकं झाकून अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. उजेड, टीव्ही, मिक्सर, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणारी पोरं, या सगळ्यांनी झटके पुन्हा पेटतात. ती शांत झाली म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायला बाहेर काढू नका.

ऊब द्यायची की गारवा, हे आधी ठरवा

इथे सरसकट एक नियम लावला की घात होतो.

उंचावरून पडलेली किंवा गाडीचा धक्का लागलेली खार असेल, नाकातून रक्त येत असेल, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, तर डोक्याला मार आहे असं समजा. अशा खारीला गरम पाण्याची बाटली किंवा बल्ब लावू नका. जास्त उष्णतेने मेंदूची सूज वाढते. डोक्याखाली कापडाची पातळ घडी ठेवून डोकं किंचित वर राहू द्या, मान मुडपू देऊ नका.

डोळे न उघडलेलं, गार पडलेलं पिल्लू असेल तर मात्र ऊब आधी, बाकी सगळं नंतर. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. गार अंगाच्या पिल्लाला दूध पचत नाही. खूप वेळ उपाशी राहिलेल्या पिल्लाला साखर उतरल्यानेही झटके येतात. झटका थांबल्यावर बोटाच्या टोकाने साखरपाण्याचा ओला हात हिरडीला लावा, एवढंच.

आणि आपला मे महिना. पारा 42-43 वर गेला की पत्र्याखालची, गच्चीवरची खार उन्हाने कोसळते. अंग तापलेलं असतं, तोंड उघडं टाकून ती धापा टाकते, मग झटके. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी लावू नका. माठाचंसुद्धा नको. साधं पाणी पंजांना, कानांना, शेपटीच्या बुडाशी लावा आणि पंख्याचा वारा लांबून येऊ द्या. अंग निवलं की थांबा.

शेंगदाण्यावर वाढवलेलं पिल्लू

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण शेंगाचटणीच्या या गावात ही चूक घरोघरी होते. पडलेलं पिल्लू कुणीतरी हौसेने वाढवतं, दूध-बिस्किटावर जगवतं, मग मूठभर शेंगदाणे. खार आवडीने खाते, अंगाने भरते, सगळे खूश. काही आठवड्यांनी ती उडी मारेनाशी होते, मागचे पाय फाकतात, हात लावला की किंचाळते, आणि एके दिवशी झटका. घरच्यांना वाटतं पडली असेल, कुणाची नजर लागली असेल.

कारण ताटात असतं. 100 ग्रॅम शेंगदाण्यात कॅल्शियम 90 मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस त्याच्या चौपट. खारीला उलटं हवं, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. नुसत्या शेंगदाण्यावर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर राहिली की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. हाडं ठिसूळ होतात आणि रक्तातलं कॅल्शियम घसरलं की झटके येतात. त्यात घरात कोंडलेली, म्हणजे ऊन नाही, म्हणजे ड जीवनसत्त्वही नाही. डॉक्टरला "काय खाते" हे खरं खरं सांगा. वेळेत कॅल्शियम मिळालं तर अशी खार झपाट्याने सावरते. मात्र डोस त्यांनीच ठरवायचा.

गाई-म्हशीचं दूधही नको, जुलाब होऊन पिल्लू सुकतं. कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर डॉक्टरला विचारून द्या.

विषाचा संशय असेल तर पुडी सोबत न्या

मोठ्या, रानातल्या खारीला मार नाही, ऊन नाही, तरी झटके येत असतील तर आजूबाजूला बघा. दुकानात मिळणाऱ्या उंदराच्या काळसर पुडीत बऱ्याचदा झिंक फॉस्फाईड असतं. ते पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो, म्हणून गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि खोक्यात नाक घालून बघू नका. डाळिंब-द्राक्षाच्या बागेत फवारणी झाली असेल, लाळ गळत असेल, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक झाल्या असतील, तर ते वेगळं विष आणि त्याचा उतारा वेगळा. पुडीचा किंवा बाटलीचा फोटो डॉक्टरचा अर्धा वेळ वाचवतो.

प्रत्येक थरथर म्हणजे झटका नव्हे

झोपेत पिल्लाचे पाय उडतात, मिशा हलतात, ते नॉर्मल आहे. हात लावला की जागं होतं. मान एका बाजूला कलून खार गोल गोल फिरत असेल, लोळत असेल, बुबुळं डावी-उजवीकडे धावत असतील, पण शुद्ध असेल, तर कानाच्या आतला किंवा तोल सांभाळणाऱ्या भागाचा बिघाड असू शकतो. उपचार वेगळे असतात, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि किती मिनिटं चाललं ते घड्याळात बघा. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा मधे शुद्धीवर न येता दुसरा सुरू झाला, तर वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

झटका थांबवायचं इंजेक्शन पशुवैद्यकाकडेच असतं. घरातल्या माणसाच्या फिटच्या गोळीचा तुकडा तिच्या वजनाला कितीतरी पट होतो. वेदनेसाठी क्रोसिनही नको. आणि मांजराने धरलेली खार वरून धडधाकट दिसली तरी न्याच. मांजराच्या लाळेतल्या जंतूंमुळे टाचणीएवढी जखमही एक-दोन दिवसांत जीव घेते, प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हावं लागतं.

कळवायला कचरू नका

"वनखात्याला सांगितलं तर आपल्यालाच पकडतील" या भीतीने लोक खार लपवून ठेवतात. अडचण ती लपवून पाळण्याने येते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि रानातला प्राणी घरी ठेवायची मुभा तो देत नाही. वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर कळवा, दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवा. तुमच्या भागातल्या सर्पमित्राला विचारलंत तरी लहान प्राणी बघणारा पशुवैद्यक कोण, हे लवकर कळतं.

झटका थांबला, दोन दाणे खाल्ले, की लगेच झाडावर सोडायची घाई करू नका. दुसरा झटका फांदीवर आला तर ती पुन्हा खालीच येणार. झटके पूर्ण थांबून डॉक्टरने हो म्हणेपर्यंत थांबा. मागच्या दोन्ही पायांची पकड सारखी हवी, उभं चढता-उतरता यायला हवं, टणक कवच स्वतः फोडता यायला हवं, आणि माणूस जवळ आला की तिने पळायला हवं. मग जिथे सापडली त्याच झाडापाशी, सकाळी ऊन चढायच्या आत सोडा आणि पुढचे काही दिवस झाडाखाली पाण्याचं पसरट भांडं ठेवा.